जुन्या फियाटची मूळ चाकं: शोध, पारख आणि डागडुजी

बारामतीहून इंदापूरकडे जाताना निमगाव केतकी लागतं. पानमळ्यांचं हे गाव आषाढीच्या वाटेवरचं मुक्कामाचंही गाव आहे. बेलवाडीचं रिंगण आटोपून संत तुकाराम महाराजांची पालखी इथे विसावते. याच इंदापूर तालुक्यात, नीरेच्या खोऱ्यात, वालचंदनगर आहे. त्या गावाला ज्यांचं नाव मिळालं ते सोलापूरचे वालचंद हिराचंद दोशी. त्यांनी माळरानावर ऊस आणि साखर कारखाना उभा केला, सिंदिया कंपनीची जहाजं समुद्रात उतरवली, बंगळूरला विमानाचा कारखाना काढला आणि 1944 साली मुंबईत प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही मोटार कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायस्लरच्या परवान्याच्या अमेरिकी गाड्या बाहेर पडल्या. मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि महाराष्ट्राच्या रस्त्यांवर ‘डुक्कर फियाट’ आली. तिच्या मागोमाग 1964 मध्ये 1100 डिलाइट आली. पुढे फियाटचं नाव मागे पडलं आणि तीच गाडी प्रीमिअर प्रेसिडेंट व नंतर प्रीमिअर पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली.

या परिसरातल्या जुन्या वाड्यांच्या पडवीत, वस्तीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एखादी फियाट किंवा पद्मिनी अजून उभी असते. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी चालवलेली, मग बसून राहिलेली. नातवंडांना ती पुन्हा रस्त्यावर आणावीशी वाटते, आणि ही इच्छा फार चांगली आहे. पण बऱ्याचदा सुरुवात चाकांपासून होते आणि तिथेच चूक होते. गंजलेल्या चाकांना भंगाराची वाट दाखवली जाते आणि त्यांच्या जागी चकचकीत अलॉय येतात. गाडी फोटोत छान दिसते, पण स्टिअरिंग जड होतं, साठच्या पुढे थरथर सुरू होते आणि मूळ चाकं कायमची हातची जातात.

चाकाचा अस्सलपणा त्याच्या मापात असतो. माप बरोबर आणि धातू निरोगी असेल तर चाक सुरक्षितही असतं आणि मूळही. म्हणून मूळ चाक शोधणं हा हौसेपुरता विषय राहत नाही. ज्या इंजिनिअरने गाडीचं सस्पेन्शन, बेअरिंग आणि ब्रेक आखले, त्याने ते सगळं त्या चाकाचं माप धरूनच आखलं होतं.

चाकावर काय गुदरतं

गॅरेजमध्ये ज्याला सरसकट ‘डिस्क’ म्हणतात, त्या लोखंडी चाकाचे खरं तर दोन भाग असतात. बाहेरचं गोल कडं म्हणजे रिम, टायर त्यावर बसतो. मधली खोलगट तबकडी हबला जोडली जाते. रिम करताना पोलादी पट्टी गोल वळवतात, दोन्ही टोकं जोडतात आणि रोलरमध्ये दाबून तिला आकार देतात. तबकडी प्रेसखाली ठोकली जाते. मग दोन्ही भाग रिव्हेट मारून किंवा वेल्डिंगने एकत्र येतात. वालचंदनगरच्या कारखान्यात आज इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटर-केसिंगचे भाग तयार होतात. आकार, पोलाद आणि अचूकता यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, पण पत्रा वळवायचा, जोडायचा आणि त्याची गोलाई काट्यावर धरायची, ही मूळ कसोटी दोन्हीकडे सारखीच.

पद्मिनीचं वजन साधारण नऊशे किलो. चार माणसं आणि सामान धरलं की प्रत्येक चाकावर तीनशे किलोच्या आसपास भार येतो. टायरचा व्यास सुमारे 605 मिलिमीटर धरला तर चाक एका फेऱ्यात 1.9 मीटर पुढे सरकतं. म्हणजे एका किलोमीटरला सव्वापाचशे फेरे आणि एक लाख किलोमीटरला सव्वापाच कोटी. प्रत्येक फेऱ्यात तबकडीचा प्रत्येक भाग एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की शेवटी तुटते, तसंच पोलादही थकतं, फक्त त्याला वेळ लागतो. ही थकण्याची क्रिया नेहमी कमकुवत जागी सुरू होते: बोल्टच्या भोकांभोवती, हवेसाठी ठेवलेल्या खिडक्यांच्या कडांना आणि रिम-तबकडीच्या जोडापाशी. चाळीस-पन्नास वर्षांचं चाक हातात घेतल्यावर नजर आधी या तीन जागांवर गेली पाहिजे.

मापं कशी घ्यायची

‘चौदा इंची चाक पाहिजे’ एवढंच सांगून दुकानात गेलात तर दुकानदार चौदा इंची चाक देईल, पण ते तुमच्या गाडीचं असेलच असं नाही. व्यास हे सहा मापांपैकी एक माप आहे.

पहिलं, व्यास. फियाट 1100 आणि पद्मिनीचा मूळ टायर 5.20-14. यातला 14 म्हणजे टायर ज्या कडेवर बसतो तिथला रिमचा व्यास इंचांत. अ‍ॅम्बॅसडरचा टायर 5.90-15, महिंद्राच्या जुन्या जीपचा 6.00-16, तर मारुती 800ची चाकं 12 इंची.

दुसरं, रुंदी. ती दोन्ही कडांच्या आतल्या बाजूंमध्ये मोजतात, बाहेरून बाहेर नव्हे. अनेक चाकांवर ‘4J × 14’ अशा पद्धतीचा ठसा असतो. त्यातला पहिला आकडा रुंदीचा आणि ‘जे’ हे अक्षर कडेच्या आकाराचं. ठसा बहुधा गंजाखाली किंवा रंगाखाली दडलेला असतो. तारेच्या ब्रशने हळूच साफ केला की वाचता येतो.

तिसरं, बोल्टच्या भोकांचं वर्तुळ. गॅरेजमध्ये त्याला पीसीडी म्हणतात. चार भोकं असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजायचं. पाच भोकं असतील तर समोर भोक नसतं, म्हणून शेजारशेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर घेऊन त्याला 1.7 ने गुणायचं. जीपच्या चाकात हे अंतर 82 मिलिमीटरच्या आसपास भरतं आणि उत्तर साडेपाच इंच, म्हणजे 139.7 मिलिमीटर येतं.

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. फियाटच्या घराण्यात 98 मिलिमीटरचं वर्तुळ फार वापरलं गेलं, तर आजच्या कितीतरी छोट्या गाड्यांत ते 100 आहे. फरक अवघा दोन मिलिमीटर. 100 चं चाक 98 च्या हबवर लावून पाहा. बोल्ट आत जातात, आवळलेही जातात, आणि लावणाऱ्याला वाटतं, बसलं. पण प्रत्येक भोक बोल्टपासून एक मिलिमीटर सरकलेलं असतं. बोल्टचं शंकूच्या आकाराचं डोकं भोकाच्या एकाच कडेवर टेकतं, बोल्ट तिरका ओढला जातो आणि चाक हबच्या मध्यावर येत नाही. गाडी थरथरते, बोल्ट ढिले होत जातात आणि एखादा तुटतोही. म्हणून हे माप टेपने घेऊ नका, व्हर्निअरने घ्या. व्हर्निअर नसेल तर गावातल्या लेथवाल्याकडे चाक घेऊन जा. पाच मिनिटांचं काम आहे.

चौथं, मधलं भोक. काही गाड्यांत हबचा उंचवटा या भोकात घट्ट बसून चाक मध्यावर धरतो, काहींत ते काम बोल्टची डोकी करतात. तुमच्या गाडीत काय आहे ते हबकडे पाहून समजून घ्या. भोक लहान पडलं म्हणून घासून मोठं करणं हा उपाय नव्हे.

पाचवं, ऑफसेट. चाक पालथं घालून मागच्या कडेवर सरळ पट्टी ठेवा आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या सपाट भागापर्यंतची खोली मोजा. त्यातून चाकाच्या एकूण बाहेरच्या रुंदीचा निम्मा भाग वजा करा. समजा खोली 95 मिलिमीटर आली आणि एकूण रुंदी 126, तर ऑफसेट 32. हा आकडा मूळ चाकापेक्षा कमी असेल तर चाक बाहेर सरकतं. वीस मिलिमीटर बाहेर गेलेलं चाक दिसायला रुबाबदार वाटतं, पण भार आता हबच्या बाहेरच्या बाजूला पडतो, बेअरिंगवर आणि स्टब अ‍ॅक्सलवर वाकवणारा जोर वाढतो. जुन्या फियाटला पॉवर स्टिअरिंग नाही. चाक जितकं बाहेर, तितकं वळवायला जड, आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट हाताला जाणवतो.

सहावं, बोल्ट टेकण्याची जागा. ती कुठे शंकूसारखी उतरती, कुठे वाटीसारखी गोल, तर कुठे सपाट असते. शंकूच्या भोकात गोल डोक्याचा बोल्ट लावला तर तो एका बारीक रेषेवर टेकतो आणि थोड्याच दिवसांत ढिला पडतो.

बोल्टच्या लांबीकडे तर हमखास दुर्लक्ष होतं. अलॉय चाक जाड असतं, त्याला लांब बोल्ट लागतात. गाडीला आधी अलॉय लावले असतील आणि आता मूळ लोखंडी डिस्क बसवताना तेच लांब बोल्ट वापरले, तर पातळ तबकडीतून ते पलीकडे जास्त बाहेर येतात. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पलीकडे गेलेलं टोक ड्रमच्या आतल्या भागाला अडकू शकतं. म्हणून चाक चढवण्यापूर्वी एक बोल्ट मोकळ्या भोकातून घालून किती बाहेर येतो ते पाहा. चाक बसवल्यावर हाताने सावकाश फिरवा. घासल्याचा किंवा खटखटल्याचा आवाज आला तर तिथेच थांबा.

मूळ चाक कुठे मिळतं

पहिला शोध डिकीतच घ्या. जुन्या गाडीची स्टेपनी अनेकदा वर्षानुवर्षं जागची हललेली नसते. कारखान्यातून आलेला रंग, ठसा आणि मापं तिच्यावर जशीच्या तशी सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. व्हीलकॅपखालचा, सूर्यप्रकाश न लागलेला गोल भागही तसाच साक्षीदार. मूळ रंगाची छटा ठरवायची तर याच दोन जागा पाहा आणि घासण्यापूर्वी फोटो काढून ठेवा.

दुसरा शोध गावात. ऊसपट्ट्यात कोणतंही चाक वाया जात नाही. जीपची, फियाटची, अ‍ॅम्बॅसडरची चाकं फवारणीच्या टाकीखाली, छोट्या ट्रॉलीखाली, हातगाडीखाली आयुष्याचा दुसरा डाव खेळत असतात. मालकाला तेवढ्या मापाचं दुसरं चाक दिलं तर बहुतेक वेळा तो आनंदाने अदलाबदल करतो. पण अशा चाकाची पारख अधिक कडक हवी. ट्रॉलीखाली त्याच्यावर मूळ भारापेक्षा कितीतरी जास्त बोजा पडलेला असू शकतो, आणि बैलाच्या किंवा ट्रॅक्टरच्या मागे हळू चालताना त्याचा डगमगाट कुणाच्या लक्षातही आलेला नसतो. ताशी साठला तो लगेच कळेल.

तिसरा शोध शहरात. पुण्याचा रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरची सुट्या भागांची दुकानं इथे फियाटचे भाग पिढ्यानपिढ्या हाताळलेली माणसं भेटतात. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे कित्येक वर्षं पद्मिनीच होती. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली आणि टॅक्सीसाठीची वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये या गाड्या टॅक्सी म्हणून रस्त्यावरून उतरल्या. भंगारात गेलेल्या त्या गाड्यांची चाकं बाजारात फिरली. ती मापाने मूळच असतात, पण टॅक्सीचं चाक म्हणजे लाखो किलोमीटर धावलेलं चाक. मघाचा सव्वापाच कोटी फेऱ्यांचा हिशेब इथे आठवा.

चार चाकं घ्यायची असतील तर पाच घ्या, आणि जमलं तर सहा. पारख केल्यावर एक-दोन बाद होतातच.

पारख

विकत घेण्याआधीच काही गोष्टी डोळ्यांनी कळतात. तबकडी आणि रिमच्या जोडातून तांबूस ओघळ उतरलेला दिसला तर समजा, तो जोड हलतो आहे. दोन पोलादी पृष्ठभाग एकमेकांवर घासले की बारीक लालसर भुकटी तयार होते आणि पाण्याबरोबर खाली ओघळते. बोल्टची भोकं लांबट झाली असतील, त्यांच्या कडा चुरगळल्या असतील तर ते चाक आधी कधीतरी ढिल्या बोल्टवर चाललं आहे. असं चाक घेऊ नये. तबकडीवर वेल्डिंगची जुनी शिवण दिसली तरीही नको.

घरी आणल्यावर टायर-ट्यूब काढून चाक धुवा आणि वाळू द्या. दोरीला टांगून छोट्या हातोडीने हलकेच वाजवलं तर निरोगी चाकाचा आवाज मोकळा येतो आणि घुमत राहतो, तडा असेल तर बद्द येतो. हा पहिला इशारा, निकाल नव्हे. खरी चाचणी तडा दाखवणाऱ्या रंगाची. वेल्डिंग साहित्याच्या दुकानात तीन फवारण्यांचा संच मिळतो. पहिल्याने भाग साफ करायचा. मग लाल द्रव फवारून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. तो केसाएवढ्या फटीतही शिरतो. मग वरचा लाल रंग पुसून काढायचा आणि पांढरी भुकटी फवारायची. तडा असेल तिथे पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. बोल्टची भोकं, खिडक्यांच्या कडा आणि जोड, या तिन्ही जागा दोन्ही बाजूंनी अशा पाहाव्यात. तबकडीत तडा सापडला की चाकाचं आयुष्य संपलं. तो वेल्ड करून चालवू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचं पोलाद बदलतं आणि पुढचा तडा त्याच्याच कडेने निघतो.

मग गोलाई. गाडी घट्ट जॅकवर आणि लाकडी ओंडक्यांवर घ्या, चाक चढवा आणि जमिनीवर ठेवलेल्या विटेला बांधलेल्या तारेचं टोक रिमच्या कडेजवळ आणा. चाक हाताने फिरवा. तारेपासूनचं अंतर सारखं राहिलं तर चाक सरळ. ते कमी-जास्त होत असेल तर डायल गेज लावून नेमकं मोजा. डावं-उजवं आणि वर-खाली, दोन्ही दिशांनी मोजायचं. फरक दीड मिलिमीटरच्या पुढे गेला तर चाक दुरुस्त करावं लागेल. मात्र त्याआधी हबचं बेअरिंग ढिलं नाही ना, याची खात्री करा. नाहीतर दोष हबचा आणि शिक्षा चाकाला, असं व्हायचं.

रिमची कडा खड्ड्यात आपटून थोडी वाकली असेल तर रिम सरळ करणाऱ्या यंत्रावर, थंड अवस्थेतच, ती परत आणता येते. गॅसचा जाळ लावून ठोकणं टाळा. तबकडीच वाकलेली असेल तर ती सरळ करण्याच्या भानगडीत पडू नका.

गंज आणि रंग

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने जातो. खोल गंजासाठी ब्लास्टिंग चांगलं, म्हणजे हवेच्या दाबाने बारीक खडे मारून चाक साफ करणं. साधी वाळू यासाठी वापरू देऊ नका, तिच्या धुळीने काम करणाऱ्याची फुप्फुसं कायमची निकामी होतात. त्यासाठी वेगळे खडे मिळतात. ग्राइंडरने घासून गुळगुळीत करण्याचा मोहही आवरा. गंजाबरोबर चांगलं पोलादही जातं आणि ठसेही पुसले जातात. साफ झाल्यावर खड्डे किती खोल आहेत ते दिसतं. टायर बसतो त्या भागात खोल खड्डे असतील किंवा पत्रा कुठे बोटाने दबण्याइतका पातळ झाला असेल तर चाक बाद.

साफ केलेलं लोखंड दमट हवेत काही तासांतच पुन्हा तांबूस होतं. म्हणून त्याच दिवशी दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर मारा. त्यावर मूळ छटेचा पीयू रंग, दोन पातळ हात. पावडर कोटिंग टिकाऊ असतं, पण त्यात चाक दोनशे अंशांच्या आसपास भाजलं जातं आणि जाड थर खालचे तडे झाकतो. ते करायचंच असेल तर तड्यांची चाचणी आधी पूर्ण करा.

दोन जागांवर रंगाचा जाड थर नको: हबला टेकणारा सपाट भाग आणि बोल्टची बैठक. तिथे फक्त प्रायमरचा पातळ हात पुरतो. जाड रंग बोल्टखाली दबतो, चुरतो, आणि आवळलेला बोल्ट आपोआप ढिला होतो. रंग नीट कडक व्हायला आठवडाभर द्या. मग गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या जोराने, टॉर्क पान्याने, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळा. पन्नास ते शंभर किलोमीटर धावल्यावर पुन्हा एकदा तपासा.

व्हीलकॅपचं क्रोम उडालं असेल तर आधी पोचे आतून लाकडी ठोकळ्यावर हलक्या हाताने काढा, मग प्लेटिंगला द्या. चांगल्या प्लेटिंगमध्ये तांबं, निकेल आणि क्रोम असे थर एकावर एक चढतात. चमक खालच्या थरांच्या पॉलिशवर अवलंबून असते. प्लेटिंगवाल्याला हे सांगून, थोडे जास्त पैसे देऊन काम करून घेतलं तर ते वर्षानुवर्षं टिकतं.

टायर, ट्यूब आणि जीपचं वेगळं प्रकरण

5.20-14 हा जुन्या पद्धतीचा नायलॉन टायर. तो मिळाला तर गाडीचं मूळ रूप पूर्ण होतं. रेडिअल लावायचा तर घेर जुळवून घ्या. 155/80 आर 14 या टायरचा व्यास असा काढता येतो: 155 चे ऐंशी टक्के 124, दोन्ही बाजू मिळून 248, त्यात 14 इंच म्हणजे 356 मिलिमीटर मिळवले की साधारण 604. मूळ टायरच्या अगदी जवळ. म्हणजे वेगाचा काटा खरं बोलेल आणि टायर मडगार्डला घासणार नाही. तुमच्या रिमच्या रुंदीला तो टायर चालतो का, हे टायर कंपनीच्या तक्त्यात पाहून मगच घ्या.

जुन्या रिमला टायरची कड अडवणारा तो छोटा उंचवटा नसतो, जो ट्यूबलेस रिमला असतो. रिव्हेटच्या चाकातून तर हवाही झिरपते. म्हणून रेडिअल लावला तरी ट्यूब हवीच, आणि तीही रेडिअलला चालणारी. एका अ‍ॅक्सलवर एक नायलॉन आणि एक रेडिअल असं कधीही नको. पुढे रेडिअल आणि मागे नायलॉन हेही धोक्याचं, वळणावर गाडीचं मागचं अंग सुटतं. टायरची वरची नक्षी ताजी दिसली म्हणून फसू नका. बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा.

जीपवाल्यांसाठी एक कळकळीची सूचना. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपची लष्करी चाकं दोन भागांची असतात आणि ते दोन भाग नटांच्या एका वर्तुळाने जोडलेले असतात. हे नट आणि हबचे नट वेगळे. टायरमध्ये हवा असताना जोडाचे नट सोडले तर चाक बॉम्बसारखं उघडतं. आधी व्हॉल्व्हची सुई काढून हवा पूर्ण सोडायची, मगच पान्याला हात लावायचा. लॉक रिंग असलेल्या ट्रकच्या चाकांनाही हाच नियम. शिवाय विलीजच्या डाव्या बाजूच्या चाकांचे हबचे नट उलट्या आट्याचे असतात. नट सुटत नाही म्हणून जोर लावण्याआधी आट्याची दिशा पाहा, नाहीतर स्टड तुटून हातात येतो.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत कारखान्याच्या मूळ नोंदीविरुद्ध बदल करण्यावर बंधन घालतं. दुसरीकडे, जुन्या गाड्या जपणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये आणि नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही वेगळी खूण. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, अभ्यास आणि देखभाल यांसाठी ती रस्त्यावर आणता येते.

याचा अर्थ असा की डुक्कर फियाट आणि डिलाइट ही रेषा ओलांडून बसल्या आहेत आणि सत्तरच्या दशकातल्या पद्मिनी आता एकेक करून पन्नाशी पार करत आहेत. कुर्ल्याचा कारखाना बंद झाला. पद्मिनी 2000 च्या सुमारास बनायची थांबली. नवी मूळ डिस्क आता कुठूनही येणार नाही. जी आहेत ती शेडमध्ये, ट्रॉलीखाली आणि भंगारात. दरवर्षी त्यातली काही वितळवली जातात.

म्हणून हाती आलेल्या प्रत्येक चाकाची एक नोंद ठेवा: ठसा, सहा मापं, तड्यांच्या चाचणीचा निकाल, रंगाची छटा, आणि ते कोणत्या गाडीवरून आलं. बाद झालेलं चाकही लगेच फेकू नका. पुढच्याला मापं घ्यायला ते उपयोगी पडतं, फक्त त्यावर तेलरंगाने मोठी फुली मारा, म्हणजे चुकून कुणी गाडीला लावणार नाही. गावातल्या दोन-चार जुन्या गाड्यांच्या मालकांनी अशा वह्या एकमेकांना दाखवल्या तरी एकाची जास्तीची स्टेपनी दुसऱ्याची गाडी उभी करेल. या तालुक्यात ज्या माणसाने कारखान्याचं गाव वसवलं, त्याच्याच कंपनीने या गाड्या रस्त्यावर आणल्या. त्या नीट मापाच्या, निरोगी, मूळ चाकांवर चालत्या ठेवणं हे इथल्या लोकांच्या हातचं काम आहे. भंगारवाला दारात येण्याआधी शेडमधली ताडपत्री उचला आणि डिकी उघडून स्टेपनीवरचा ठसा वाचा.